स्ट्रॅटच्या ब्रिजला हंबकर बसवायचाय: कोणता घेऊ? (बडोदा, नवरात्राआधी)

सूरसागर_७

नमस्कार मंडळी.

गिटार स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची आहे. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखाली बसून आवाज पकडणारे: नेकजवळ, मध्ये आणि ब्रिजजवळ), पाच जागांचा स्विच, ट्रेमोलो ब्रिज. चिनी बनावटीची, पण नेक इतकी हाताला बसली आहे की विकायची नाही. गणपतीत दांडिया बाजारातल्या मंडळांत मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आणि नवरात्रात एका गरबा ग्रुपमध्ये ऱ्हिदम, असं माझं वर्षाचं वेळापत्रक.

अडचण जुनीच. स्टेजवर एलईडी वॉल आणि लाइटं लागली की गिटार ‘घूंऽऽ’ सुरू करते. ओव्हरड्राइव्हचं (आवाज फाडणारं) पेडल दाबलं की विचारूच नका. साउंडवाला गुपचूप मिक्सरवरचा माझा फेडर (आवाजाची पट्टी) खाली ओढतो आणि मी तिथे उभा राहून वाजवल्याचा अभिनय करतो.

म्हणून ब्रिजला हंबकर (घुंकार मारणारा दोन कॉइलींचा पिकअप) टाकायचं ठरवलंय. यादी अशी (डंकन आणि डिमार्झिओ या पिकअपच्या कंपन्या): डंकनचा हॉट रेल्स, डंकनचाच जेबी, किंवा डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन. सध्याचा ब्रिज पिकअप मीटरवर ६ किलोओमच्या आसपास दाखवतो, जेबी १६ च्या वर आहे. म्हणजे आवाज अडीचपट मोठा, बरोबर ना? बजेट एका पिकअपचं आहे, तिन्ही बदलणं शक्य नाही.

मिस्त्री_रावपुरा

खरेदी नंतर. आधी घुंकार कुठून येतोय ते शोधा, नाहीतर पैसे जातील आणि ‘घूं’ तिथेच राहील. घरीच करून बघा:

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष पिकअपचा नाही; केबल, पेडलचा अडॅप्टर नाहीतर अँप बघा.

व्हॉल्यूम पूर्ण ठेवून तारांवर हात ठेवा. हात ठेवल्यावर आवाज खूप कमी होत असेल तर तो शील्डिंगचा मामला. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून, ती अर्थला जोडून बराच फरक पडेल, आणि तो खर्च पिकअपच्या मानाने काहीच नाही.

मग खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका कोनात घुंकार जवळजवळ नाहीसा आणि दुसऱ्यात जोरात, असं होत असेल तर ते चुंबकीय. तिथे तांब्याची पट्टी काही करणार नाही, हंबकरच लागेल.

शेवटचं, स्विच दोन (ब्रिज आणि मधला) आणि चार (मधला आणि नेक) नंबरवर टाका. तिथे घुंकार एकदम पडला तर तुमचा मधला पिकअप उलट्या वेढ्याचा आणि उलट्या चुंबकाचा आहे. ही माहिती पुढे वायरिंगला लागेल.

निकाल इथे टाका, मग बोलू.

अलकापुरी_टू_अटलांटा

सुपर डिस्टॉर्शन! डोळे मिटून घ्या. १९७२ सालचं डिझाइन, बदली पिकअपचा धंदाच त्याने सुरू केला. रॉकवाल्या एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत गिब्सनचा हंबकर ठोकून बसवला आणि पुढची सगळी पिढी तेच करत बसली. आपण कोण टाळणारे?

काळी_पाच

अलकापुरीभाऊ, व्हॅन हेलन त्रण ताळी (तीन टाळ्यांचा गरबा) वाजवत नव्हता.

मी गेली काही वर्षं गरब्यातच वाजवते म्हणून सांगते. गरब्यात गिटारचं काम नव्वद टक्के क्लीन असतं. ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्डचा बास आणि चार गायक यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या जागेत तुमची ‘चक-चक’ बसवायची असते. ती जागा वरच्या फ्रिक्वेन्सीत आहे. तिथे सिंगल कॉइलची धार लागते, विशेषतः दोन आणि चार नंबरचा तो पोकळसर ‘क्वॅक’. सुपर डिस्टॉर्शनसारखा तापट (जास्त जोराचा) सिरॅमिक चुंबकाचा पिकअप क्लीनवर मधल्या फ्रिक्वेन्सीत फुगतो आणि हींच (गरब्याचा एक प्रकार) सुरू झाली की कीबोर्डच्या डाव्या हातात मिसळून जातो. आवाज मोठा, पण ऐकूच येत नाही. तो जड वाजवण्यासाठी उत्तमच आहे, प्रश्न तुमच्या कामाचा आहे.

सूरसागर, तुम्हाला घुंकार घालवायचाय की ब्रिजचा आवाज बदलायचाय? दोन्हीला वेगवेगळी उत्तरं आहेत.

पेटीवाले_काका

मी वाजवतो हार्मोनियम, पण वीज खात्यात हयात गेली म्हणून तोंड घालतो.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. पण शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही सेकंदाला ५० वेळा हलतच असतं, आणि बिचाऱ्या कॉइलला त्यातलं संगीत कोणतं ते कळत नाही. हंबकरमध्ये कॉइली दोन. वेढ्यांची दिशा एकमेकींच्या उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. तारेचा सिग्नल त्यामुळे दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो आणि बेरीज होते. बाहेरच्या घुंकाराला आतल्या चुंबकाशी देणंघेणं नाही, तो एकदाच उलटतो आणि वजाबाकी होते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपांच्या खाली ‘पेटंटचा अर्ज केला आहे’ असं स्टिकर असे, त्याच्याच आद्याक्षरांवरून आजही ‘पीएएफ’ धाटणी म्हणतात.

घरी चाचणी करताना पंख्याचा रेग्युलेटर बघा. खटक्यांचा, कपॅसिटरवाला असेल तर शांत असतो. सलग फिरणारा डिमर असेल तर तो दर अर्ध्या चक्राला वीज कापतो आणि १०० हर्ट्झची करकर सगळ्या खोलीभर सोडतो. स्टेजवरच्या लाइटांचे डिमर हेच मोठ्या प्रमाणावर करतात.

सूरसागर_७

काळी_पाच, खरं सांगायचं तर दोन्ही. गरब्यात घुंकार नको. आणि ऑर्केस्ट्रात सोलो येतो तेव्हा ब्रिजचा आवाज इतका टोचरा आहे की मी नेहमी नेक पिकअपवर पळतो.

मिस्त्रीसाहेब, निकाल: व्हॉल्यूम शून्यावर पूर्ण शांत. हात ठेवल्यावर थोडा फरक, फार नाही. गोल फिरल्यावर प्रचंड फरक, खिडकीकडे तोंड केलं की जवळजवळ गायब. दोन आणि चारवर एकदम शांत. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा निघाला, काकांना नमस्कार.

मिस्त्री_रावपुरा

छान. म्हणजे चुंबकीय घुंकार आहे आणि हंबकरने तो जाईल. मधला पिकअपही उलट्या वेढ्याचा आहे, म्हणजे दोन आणि चारवर आजही तुमचा एक प्रकारचा हंबकरच चालू असतो. गरब्याची ‘चक-चक’ चार नंबरवर वाजवा, आजच्या आज फुकटात अर्धा प्रश्न सुटला. स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता; लोक तो मध्ये अडकवून हे आवाज काढायचे, म्हणून १९७७ पासून फेंडरने पाच जागांचा दिला.

आता किलोओमचं. हा गैरसमज दुकानदारांना फार आवडतो. तो आकडा वायरचा रोध आहे, आवाजाचं माप नव्हे. बारीक वायर घातली की तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो, आवाज नाही. शिवाय चुंबक कोणतं, कॉइल तारेपासून किती लांब, हे त्या आकड्यात येतच नाही. इंडक्टन्स मिळाला तर तो बघा. साधारण स्ट्रॅट पिकअप २ ते २.५ हेन्री, पीएएफ धाटणीचा ४ ते ५, आणि जेबीसारखा तापट ८ च्या घरात. इंडक्टन्स जितका वाढेल तितकं वरचं शिखर खाली सरकतं, म्हणजे धार कमी, मध्य जास्त. काळी_पाच जे कानाने सांगतायत तेच हे.

सिंगल_कॉइलच

मग एवढा खटाटोप कशाला? स्टॅक्ड पिकअप घ्या. दोन कॉइली एकावर एक, वरून दिसायला साधा सिंगल कॉइल. डिमार्झिओची एरिया मालिका त्याच प्रकारची. खालची कॉइल तारेपासून लांब असल्याने मुख्यतः घुंकार कापायचंच काम करते. स्ट्रॅटचा आवाज स्ट्रॅटचाच राहतो. स्ट्रॅट घेऊन त्यात लेस पॉल (गिब्सनची हंबकरवाली गिटार) शोधणाऱ्यांचं मला कधी कळलं नाही.

काळी_पाच

फक्त घुंकाराचा प्रश्न असता तर तुमच्याशी पूर्ण सहमत. पण त्यांना ब्रिज टोचतोय. स्टॅक्ड टाकून तोच टोचरेपणा शांततेत ऐकू येईल.

बाय द वे, टोचण्याचं एक कारण पिकअपशिवायचंही आहे. पारंपरिक स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो. दुसरा टोन मधल्यासाठी असतो. स्विचवर एक छोटी वायर टाकून तो ब्रिजलाही जोडून घ्या आणि सातवर ठेवून ऐका. काही जणांची खरेदी तिथेच रद्द होते.

मिस्त्री_रावपुरा

+१. मी येणाऱ्या प्रत्येक स्ट्रॅटला हे आधी करतो.

तरी हंबकर घ्यायचाच असेल तर दोन रस्ते. एक, पूर्ण आकाराचा. त्यासाठी पिकगार्ड बदलावा किंवा कापावा लागेल आणि खाली लाकडात तेवढी जागा हवी. पिकगार्ड उघडून बघा. बऱ्याच बॉडींत कारखान्यातूनच मोठा खड्डा असतो, काहींत तीन बारीक फटीच असतात. फटी असतील तर राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवावा लागेल, आणि ते काम फर्निचरवाल्या मिस्त्रीला देऊ नका, तो प्रेमाने आरपार करेल. शिवाय तारांमधलं अंतर. गिब्सन धाटणीच्या हंबकरचे खांब पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत सुमारे ४९ ते ५० मिमीत बसतात, फेंडर धाटणीच्या ब्रिजवर तारा त्याहून पसरट असतात. म्हणून ब्रिजसाठी रुंद आवृत्ती मागायची: डिमार्झिओकडे ‘एफ स्पेस्ड’, डंकनकडे ‘ट्रेमबकर’.

दुसरा रस्ता, सिंगल कॉइलच्याच आकाराचा हंबकर. तोच पिकगार्ड, तेच दोन स्क्रू, उद्या परत जुना बसवता येतो. तुमच्यासाठी हाच. यात पट्टीवाले आले: हॉट रेल्स, कूल रेल्स, डिमार्झिओचे फास्ट ट्रॅक आणि चॉपर. पट्टी सलग असल्याने तारांच्या अंतराची भानगड नाही, बेंड घेताना आवाज पडत नाही. आणि खांबवाले, लिटल ५९, जेबी ज्युनिअर वगैरे.

हॉट रेल्स सिरॅमिक आणि फार गरम आहे. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या डेव्ह मरेच्या स्ट्रॅटमध्ये तो ऐकायला मिळतो, म्हणजे काय प्रकार आहे ते लक्षात येईल. शेजारी तुमचे ६ किलोओमचे दोन बापुडे. स्विच फिरवला की एकदम उडी आणि साउंडवाला पुन्हा फेडरकडे. मी लिटल ५९ कडे झुकेन. नावाला जुना असला तरी तोही स्ट्रॅटपेक्षा चांगलाच जाड आहे, पण धार शिल्लक ठेवतो.

अलकापुरी_टू_अटलांटा

बरं, सुपर डिस्टॉर्शन मागे घेतो. पण कॉइल स्प्लिट करा ना. एक स्विच दाबला की हंबकरचा सिंगल कॉइल. दोन्ही जग मुठीत.

मिस्त्री_रावपुरा

स्प्लिट केलं की घुंकार परत येतो, हे कोणी सांगत नाही. त्यातून सिंगलच्या आकारातल्या हंबकरची एक कॉइल म्हणजे फारच बारीक जीव, आवाज पिचका येतो. पॅरलल वायरिंग बरं: दोन्ही कॉइली चालू, घुंकार बंद, आवाज हलका आणि उजळ. टोनच्या जागी ओढायचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) टाकून ते करता येतं.

स्प्लिटचा एकच खरा उपयोग, दोन नंबरवर. तिथे हंबकरची एकच कॉइल मधल्याबरोबर लागली तर जुना ‘क्वॅक’ बऱ्यापैकी टिकतो, आणि योग्य कॉइल निवडली तर घुंकारही कटतो.

निमूट_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे गिटार नाही, तरी वाचतोय.

सूरसागर_७

पिकगार्ड उघडला. तीन बारीक फटी. म्हणजे पूर्ण आकाराचा विषय संपला. टोनची वायर ब्रिजला जोडली, टोचणं कमी झालं, पण सोलोत अंग येत नाही. लिटल ५९ मागवतोय. पॉट बदलावे लागतील का? सध्या २५० के आहेत. हंबकरला ५०० के लागतात असं सगळीकडे वाचलं.

काळी_पाच

पॉट बदलायची घाई करू नका. पॉट म्हणजे गळकी तोटी. २५० के जास्त गळते आणि त्यातून आधी ट्रेबल जातो. ५०० के घातला तर हंबकर खुलेल, पण तुमचे दोन सिंगल कॉइल काचेसारखे टोचतील. दोघांना खूश ठेवायचं तर ५०० चा पॉट घालून सिंगल कॉइलच्या जागांवर ४७० के चा रेझिस्टर समांतर लागेल अशी सोय करतात, हिशोब सुमारे २४२ के येतो. त्याला जास्त जोडण्यांचा (मल्टिपोल) स्विच लागतो. तुमची तक्रारच टोचण्याची होती. आधी २५० वर ऐका.

मिस्त्री_रावपुरा

सहमत. पुढे कधी बदललाच तर ५०० न मिळाल्यास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ४७० के चालतो, फक्त लॉग (लॉगॅरिदमिक) प्रकारचा मागा, आणि नॉबचे दाते जुळतात का ते जुना पॉट बरोबर नेऊन बघा.

डंकनच्या वायरी: काळी गरम (म्हणजे सिग्नलची), पांढरी आणि लाल एकत्र डाग देऊन टेपमध्ये गुंडाळा, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओचे रंग वेगळे आहेत, तिथे लाल गरम असते, तेव्हा इंटरनेटवरचा कोणताही नकाशा उचलू नका. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला घरातलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न दमतं. दहा सेकंद दाबून धरलं तर पॉटच भाजतो. ५०-६० वॅटचं घ्या, पाठ जरा घासा, पटकन काम उरका.

बसवण्याआधी फेज (दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का) बघा. काट्याचा मीटर पिकअपच्या दोन टोकांना लावा आणि स्क्रूड्रायव्हर खांबांवर टेकवा. काटा ज्या बाजूला जातो तीच बाजू मधल्या पिकअपलाही आली पाहिजे.

पेटीवाले_काका

एक सूचना, ही हलक्यात घेऊ नका. मांडवात आवाज घालवण्यासाठी काही लोक अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. तारांना हात आणि ओठ माइकला, आणि दोघांच्या अर्थमध्ये फरक असला तर वीज तुमच्यातून जाईल. जनरेटरवर तर विशेषच. मिक्सर आणि अँप वेगवेगळ्या ठिकाणी लावल्याने येणारा अर्थ लूपचा घुंकार हंबकरनेही जाणार नाही. त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडायची डबी) सिग्नलची अर्थ तोडायची कळ असते, ती वापरा. प्लगची पिन जागेवरच राहू द्या.

सूरसागर_७

बसला! काल ऑर्केस्ट्राच्या तालमीला वाजवून आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

फेज उलटी निघाली. माझ्या मधल्या पिकअपबरोबर काटा विरुद्ध जात होता. मिस्त्रींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांच्या सांगण्यावरून हिरवी गरम केली, काळी अर्थला, उघडी होती तिथेच. पांढरी-लाल जोडी तशीच. दोन नंबर आता भरीव वाजतो. ‘क्वॅक’ आधीइतका नाही, पण मी चारवरच राहतो.

उंची: शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली ३ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी अशी सुरुवात केली. ब्रिजवर गेलं की आवाज उसळत होता, म्हणून हंबकर आणखी खाली घेतला आणि नेक पिकअप होता तसाच ठेवला. आता स्विच फिरवल्यावर सोलोपुरतीच वाढ होते, साउंडवाल्याने मान वर केली नाही. पॉट २५० चेच आहेत, टोन आठवर. एलईडी वॉलच्या शेजारी, ओव्हरड्राइव्ह चालू, हात तारांवरून काढलेले: बारीक सूंऽ आहे, ती पेडलची. ‘घूं’ गेली.

तीन आणि पाच नंबर (एकटा मधला आणि एकटा नेक) अजून घुंकारतातच, ते अपेक्षितच होतं. आता हात शिवशिवतायत, नेकलाही एक टाकून देऊ का?

सिंगल_कॉइलच

अहो, जे एक बरं उरलंय ते तरी सोडा.

काळी_पाच

नेकला आता स्टॅक्ड, तोही नवरात्र झाल्यावर. ‘सिंगल_कॉइलच’ यांचा सल्ला तिथे अगदी योग्य आहे. नेकचा आवाज तुम्हाला आवडतोय, फक्त घुंकार नकोय. पट्टीवाला तापट पिकअप नेकला टाकलात तर चार नंबर जाईल, आणि गरब्यात तुमची रोजीरोटी चार नंबर आहे.

मिस्त्री_रावपुरा

आणि स्टॅक्ड घेताना एक बघा. दोन कॉइली एकावर एक असल्याने त्यातले काही नेहमीपेक्षा खोल असतात. पिकगार्ड पुन्हा उघडाल तेव्हा नेकच्या फटीची खोली पट्टीने मोजून इथे टाका, मग कोणता बसेल ते सांगतो. जुना ब्रिज पिकअप फेकू नका, सहाच्या आसपासचा चालू सिंगल कॉइल मला नेहमी लागतो.

सूरसागर_७

तो तुमचाच. शनिवारी संध्याकाळी दुकान उघडं असतं ना? गिटारही आणतो, दोन नंबरला एक कॉइल सुटी करायचं ते काम करून टाकू. शेव-उसळ माझ्याकडून.

अलकापुरी_टू_अटलांटा

इथे सुपर डिस्टॉर्शन मिळतो, शेव-उसळ नाही. चालू द्या.